आजारी मातीतले निरोगी दाणे

सुज्ञ वाचकहो! पुढील पृष्ठांत ज्या प्रकरणाचे यथामती निरूपण करण्याचे योजिले आहे, त्यात कोणाचा गळा चिरला गेलेला नाही, वा कोणाची तिजोरी फुटलेली नाही. पाच लहानशा पिशव्यांतील साळ तेवढी बदलली गेली. तथापि त्या अदलाबदलीमुळे बहात्तर कुटुंबांच्या खाचरांतले विष शहरातल्या ताटांत वाढले जाण्याची वेळ आली होती. हे कृत्य कोणी केले व कोणत्या हेतूने केले, याचा शोध एका साध्या पाटकऱ्याने चार दिवसांत कसा लावला, तो वृत्तांत आता आपण शांत चित्ताने श्रवण करावा.

एक

सोमवारी सकाळी चिलुहूर गावच्या सभामंडपात गावप्रमुख रुस्माना यांनी शहराच्या प्रयोगशाळेकडून आलेला लिफाफा फोडला. सारे गाव त्यांना ‘पाक लुराह’, म्हणजे ‘प्रमुखबाबा’ म्हणे. आज त्यांच्या कपाळावर सकाळीच घाम जमला होता. लिफाफ्यात दोन कागद निघाले.

पहिला कागद मातीचा. कापड रंगविणाऱ्या रंगगिरणीच्या मोरीखालील खाचरांच्या मातीत क्रोमियम नामक जड धातू मर्यादेच्या चौपट आढळला, असे त्यात नमूद होते. मंडपात एक दीर्घ सुस्कारा उमटला. दुसरा कागद पिकाचा. त्याच खाचरांतून घेतलेले साळीचे पाचही नमुने पूर्णतः निर्दोष व खाण्यास योग्य!

“अल्हमदुलिल्लाह!” भातगिरणीचे मालक हाजी जुनैदी यांनी मांडीवर थाप मारली. “माती खोकतेय, पण भात ठणठणीत! आणि तुम्ही लोकांनी सहा महिने माझ्या गिरणीची अब्रू काढलीत.”

रंगगिरणीचे व्यवस्थापक हेंद्रातो मागच्या बाकावर बसले होते. ते नम्रपणे हसून म्हणाले, “आम्ही पहिल्यापासून हेच सांगत होतो. मातीत काहीबाही असतंच. पिकात उतरत नाही, मग तक्रार कसली?”

एका मनुष्याला मात्र हे पटले नव्हते. तो म्हणजे खालच्या पाटाचा पाटकरी सुहांदा. कोणाच्या खाचरात किती वेळ पाणी सोडावे, हे ठरविण्याचे काम गेली एकोणीस वर्षे त्याच्याकडे होते. पाटाचे पाणी कोणत्या दिवशी जांभळे येते व कोणत्या दिवशी तांबूस, हे त्याला पाठ होते. त्या पाण्यावर पोसलेली लोंबी तळहातावर चोळली, तर निम्मे दाणे पोचट निघत आणि उरलेल्यांवर काळे ठिपके असत.

“पाक लुराह,” तो उठून म्हणाला, “हे भात आपलं नाही.”

“मग काय आभाळातून पडलं?” टपाल व सामान वाहणारा देदेन आपल्या मोटारसायकलीवरूनच ओरडला. लोक हसले.

सुहांदा हसला नाही. गुरुवारी प्रांताच्या अधिकारीबाई सुनावणीस येणार होत्या. पीक निर्दोष ठरले, तर रंगगिरणीला पाटात सांडपाणी सोडण्याचा परवाना आणखी पाच वर्षांसाठी मिळणार होता. तदनंतर शनिवारी लावणीसाठी पाटाचे दार उघडायचे होते, आणि ते उघडणारा हात सुहांदाचाच असणार होता.

“दुसरं भात पाठवा तपासायला,” कोणी तरी सुचविले.

“कुठलं पाठवू?” पाक लुराह वैतागले. “कापणी होऊन दोन महिने झाले. खालचं भात खळ्यावरून थेट हाजींच्या गिरणीत जातं, तिथं तीस गावांच्या भातात मिसळतं आणि शहरात खपतं. आपण सगळे दुकानातलं खातो. त्या पाच पिशव्याच काय त्या बाजूला ठेवल्या होत्या.”

अर्थात, ज्याने त्या पिशव्या बदलल्या, त्याने गावाचा एकुलता एक साक्षीदार नाहीसा केला होता. त्या पिशव्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत केवळ गावातल्याच हातांतून गेल्या होत्या, म्हणून सुहांदाची खात्री पटली की, तो मनुष्य गावातलाच आहे.

दोन

त्याने प्रथम गाठले ते खुद्द पाक लुराहांना. पिशव्या सीलबंद झाल्यावर तीन दिवस त्यांच्याच कपाटात होत्या आणि त्यांचा थोरला मुलगा रंगगिरणीत कारकून होता.

“असा डोळे रोखून बघू नकोस, कांग,” पाक लुराह खुर्चीत चुळबुळले. ‘कांग’ म्हणजे थोरला भाऊ. वयाने लहान असूनही सुहांदाला सारे गाव तसेच म्हणे. “तुझ्या लग्नात मी तीन ताटं जेवलोय. त्याची तरी लाज ठेव.”

“कपाटाची किल्ली कोणाकडे होती?”

“माझ्या कमरेला. आंघोळीलासुद्धा काढत नाही, बायकोला विचार.” मग त्यांचा स्वर खाली आला. “खरं सांगू? अहवाल वाईट आला असता तर माझ्या पोराची नोकरी गेली असती. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. पण हात नाही लावला. घाबरट माणूस आहे मी, मला असली कामं जमत नाहीत.”

हे उत्तर इतके प्रांजळ होते की, सुहांदाला त्यावर अविश्वास दाखविणे अवघड गेले.

देदेन चहाच्या टपरीवर सापडला. पूर्वी तो रंगगिरणीत हौदावर कामाला होता. ते काम सोडून चार महिने लोटले होते, परंतु त्याच्या नखांची निळाई अजून गेली नव्हती.

“पिशव्या शहरात तू नेल्यास. वाटेत कुठं थांबलास?”

“दोनदा. एकदा पेट्रोलला, एकदा नको त्या कामाला. तेही सांगू का सविस्तर?”

“देदेन!”

“अरे कांग, डोकं चालव जरा!” देदेनने पेला आदळला. “प्रत्येक गाठीवर लाख, आणि लाखेवर तुझ्या अंगठ्याचा ठसा. प्रयोगशाळेतल्या बाईनं भिंग लावून पाचही ठसे तपासले आणि पावतीवर लिहिलं, सील शाबूत. पिशव्या बदलायच्या तर मला तुझा अंगठा कापून सोबत न्यावा लागला असता. बघ बरं, आहे का जागेवर?”

सुहांदाने खरोखरच आपल्या अंगठ्याकडे पाहिले. त्याच क्षणी त्याच्या मनात लख्ख प्रकाश पडला. सील शाबूत, तर बदल सील लावल्यानंतर झालाच नाही. तो आधी झाला! आणि सील लागण्यापूर्वी दोन दिवस व दोन रात्री त्या पिशव्या होत्या कोठे?

त्या होत्या सुहांदाच्या स्वतःच्या घरात.

तीन

त्या रात्री त्याला अन्न गोड लागले नाही. मंगळवारी सकाळी त्याने पिकाचा अहवाल मागून आणला आणि बांधावर बसून तो अक्षरशः बोट ठेवून वाचला. आकड्यांच्या कोष्टकाच्या वर एक ओळ होती. तिच्याकडे सभेत कोणाचेच लक्ष गेले नव्हते. ‘दाण्याचे वर्णन: टपोरा, सोनेरी, लांब कुसळ असलेला.’

कुसळ! खालच्या खाचरांत सरकारी बियाण्याचे, शंभर दिवसांत येणारे भात लावतात. त्याच्या दाण्याला कुसळ मुळीच नसते. कुसळाचे जुने, सहा महिन्यांचे भात अख्ख्या चिलुहूरमध्ये फक्त दोन खाचरांत उरले होते. ती खाचरे रंगगिरणीच्या वर, निर्मळ झऱ्याच्या काठी होती, आणि त्यांचे मालक होते हाजी जुनैदी.

भातगिरणीच्या धुरळ्यात हाजी उभे होते. कोंड्याने पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून त्यांनी सुहांदाकडे पाहिले.

“ये, हवालदार! बेड्या आणल्यास का?”

“पाक हाजी, पिशव्यांत तुमच्या वरच्या खाचरातलं भात निघालंय.”

हाजींचे हसू मावळले. अहवालातील ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. “माझंच आहे,” ते शेवटी म्हणाले. “दुसऱ्या कुणाचं असणार? पण ऐक. माझ्या गिरणीचं नाव वाचावं असं मला वाटत होतं, त्याची चोरी नाही. त्यासाठी मी नमाज पढलो, मंत्र्याच्या मेहुण्याला भेटलो, हेंद्रातोच्या पोराच्या लग्नात बकरा दिला. पण पिशव्या? त्या तुझ्या घरात होत्या. तुझ्या घरात मी शेवटचा आलो तो तुझा सासरा वारला तेव्हा.”

“मग तुमचं भात तिथं गेलं कसं?”

“मी ते विकत नाही, वाटतो. आईनं घालून दिलेली रीत आहे. दरसाल तीन घरी एकेक मडकं जातं. एक इमामांकडे. एक माझ्या धाकट्या बहिणीकडे, ती समुद्राकाठी राहते.” हाजी थांबले. मग त्यांनी सुहांदाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि या वेळी त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. “तिसरं कुणाकडे जातं ते तुला ठाऊक आहे, बाबा. पहिली लोंबी सगळ्या गावासाठी कोण कापतं?”

सुहांदाला ठाऊक होते. ती त्याची सासू होती.

चार

अंबू इचिह ही सत्तर वर्षांची विधवा लेकीच्या, म्हणजे सुहांदाच्याच, घरी राहत असे. ‘अंबू’ म्हणजे आई, आणि गाव तिला त्याच नात्याने हाक मारीत असे. प्रत्येक खाचराची पहिली लोंबी तिने बोटात धरायच्या चिमुकल्या सुरीने कापावी, तोवर कोणी विळा उचलू नये, असा तिचा मान होता. ‘न्यी पोहाची’ नावाच्या भाताच्या देवीशी तिचे बोलणे होते, अशी बायकांची श्रद्धा होती.

त्या घरात स्वयंपाकघराला लागून एक खिडकी नसलेली खोली होती. अशी खोली तिकडे प्रत्येक जुन्या घरात असते. धान्य घरात आले की त्या खोलीत जाते आणि तिथे केवळ बायकांनीच पाऊल टाकायचे असते. सुहांदाने एकोणीस वर्षांत तिचा उंबरा ओलांडलेला नव्हता. नमुन्याचे भात दोन दिवस अंगणात वाळले, संध्याकाळी रीतीप्रमाणे आत गेले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंबूने दारातूनच पाच भरलेल्या पिशव्या बाहेर दिल्या. सासूने हाती दिलेले धान्य जावयाने उघडून पाहणे म्हणजे तिला तोंडावर खोटे ठरविणे! त्याने पाहिले नाही. गाठ मारली, लाख ओतली, अंगठा उमटविला आणि कागदावर लिहिले, ‘नमुना स्वतः पाहिला.’

“इयोस,” त्याने पत्नीस परसात बोलावले, “आत जाऊन हाजींचं मडकं बघ.”

“का?”

त्याने कारण सांगितले. इयोसच्या हातातील ओले कपडे तसेच राहिले.

“माझ्या आईवर? तुझी जीभ कशी झडली नाही, कांग? जिनं तुझ्या पोरीला हातावर वाढवली, ती रंगगिरणीवाल्यांना फितूर होईल?”

“फितूर म्हटलं नाही मी. मडकं बघ म्हटलं.”

ती तरातरा आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा आवेश पार उतरला होता.

“रिकामं आहे. दरवर्षी सणापर्यंत पुरतं.” ती पायरीवर बसली. नंतर स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली, “कापणीनंतर आठ-दहा दिवस आई वेगळं शिजवत होती. लहान भांड्यात, एकटीपुरतं. मी म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणे नवस आहे. आपल्या पोरीनं त्यातला घास मागितला, तर तिच्या हातावर चापट मारली. आईनं! जिनं त्या पोरीला कधी रागानं पाहिलंसुद्धा नाही, तिनं!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आता प्रश्न उरला होता तो एकच, आणि तो विचारल्याखेरीज गत्यंतर नव्हते.

पाच

अंबू इचिह अंगणात सुपाने तांदूळ पाखडीत होती. सुहांदा तिच्यासमोर जमिनीवर बसला, कारण तिच्याहून उंच बसून तो प्रश्न त्याला विचारवला नसता.

“अंबू, पिशव्यांतलं भात तुम्ही बदललंत.”

सुपाची लय क्षणभरही चुकली नाही. “हो.”

“कुणी सांगितलं?”

“मला कोण सांगणार? शहरातल्या मोठ्या लोकांपुढं गावाच्या नावानं भात जायचं होतं. ते मी पाखडायला घेतलं, तर निम्मं वाऱ्यावर उडालं. उरलं ते काळं, चिरमुटलेलं. परक्यापुढं धान्य ठेवायचं तर घरातलं उत्तम ठेवायचं, हे मला माझ्या आजीनं शिकवलंय.” आता ती थांबली. “आणि जावईबापू, आपल्या पोरीच्या अंगावरचे फोड कुणी परक्यापुढं उघडे करतं का? देवी पोहाची माझी पोरच आहे. मी तिला झाकलं.”

“फोड दाखवल्याशिवाय औषध कोण देणार, अंबू?”

ती पुन्हा सूप पाखडू लागली.

“आणि मूळचं भात?”

“धान्य टाकायचं नसतं. कोंबड्यांना घालायला जीव झाला नाही. मी खाल्लं.”

“एकटीनं. नातीला चापट मारून.” सुहांदाचा स्वर मृदू होता, परंतु तो मागे हटला नाही. “म्हणजे त्यात काय आहे हे तुम्हाला कळलं होतं.”

म्हातारीने आपल्या तळहाताकडे पाहिले. “डोक्याला नव्हतं कळलं. हाताला कळलं होतं. हात आपोआप उठला, रे.”

परसातील दोरीवर इयोसचे कपडे वाळत होते आणि त्यांच्यापलीकडे ती उभी होती. सारे तिने ऐकले होते.

सुहांदाने डोके दोन्ही हातांत धरले. अपराधी सापडला होता, परंतु साक्षीदार पोटात गडप झाला होता. खालच्या खाचरांचा एकही दाणा आता... तो एकदम ताठ बसला.

“अंबू, यंदा खालच्या खाचरांतली पहिली लोंबी तुम्हीच कापलीत ना? सगळ्यांची?”

“दुसरं कोण कापणार?”

“ती पेंढी बांधून त्या त्या घरच्या बाईला दिलीत. ‘भाताची आई’ म्हणून.”

अंबूने सूप खाली ठेवले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“ते मागू नकोस,” ती म्हणाली. “काही मागितलंस तरी ते मागू नकोस.”

सहा

वाचकहो, ही ‘भाताची आई’ म्हणजे पहिल्या लोंब्यांची मूठभर पेंढी. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ती त्या अंधाऱ्या खोलीत निजवितात. पुढील पेरणीत तिचे दाणे बियाण्यात मिसळेपर्यंत तिने उजेड पाहायचा नसतो, परक्या हाताने तिला शिवायचे नसते. ती घराबाहेर गेली, तर त्या घराचे पीक गेले, असे मानतात. सुहांदाने बुधवारी दिवसभर ती मागितली नाही. मागण्याचा अधिकार कोणाही पुरुषाला नव्हता. त्याने अंबूला एवढेच सांगितले की, उद्या सभेत मी माझी चूक सांगणार आहे.

गुरुवारी अधिकारीबाई रोसिता मंडपात येऊन बसल्या. सुहांदा उभा राहिला.

“नमुना मी न पाहता सही केली. अहवालातला दाणा कुसळाचा आहे. खालच्या खाचरांत कुसळाचं भात नाही. म्हणून तो अहवाल खरा असला तरी आमच्या पिकाचा नाही. दोष माझ्या घरात घडला आणि माझ्या अंगठ्यानं तो झाकला.”

मंडपात गलबला उसळला. “म्हणजे चोर पाटकरीच!” कोणी ओरडले.

“त्याला बोलू दे, त्याचा अंगठा जागेवर आहे, मी पाहिलाय!” देदेनने सर्वांना गप्प केले.

“बदललं कोणी?” रोसिताबाईंनी विचारले.

सुहांदा ओठ उघडणार, तोच मागून उत्तर आले.

“मी.”

अंबू इचिह मंडपाच्या पायऱ्या चढत होती. इयोसने तिचा दंड धरला होता. म्हातारीच्या छातीशी पांढरे फडके होते.

“लाजेनं बदललं,” ती म्हणाली. “आता लाज सोडून आलेय.” तिने फडके टेबलावर ठेवले आणि सर्वांसमक्ष, भर उजेडात उलगडले. आत बिनकुसळाची, काळे ठिपके पडलेली पेंढी होती. मंडपातील बायांच्या तोंडून एकच हुंदका बाहेर पडला. कित्येकींनी डोळे मिटून घेतले.

व्यवस्थापक हेंद्रातो उठले. “बाई, एका म्हातारीच्या घरातल्या पेंढीवर कसा विश्वास ठेवायचा? ही कुठल्या खाचरातली, कोण सांगणार?”

“मुद्दा रास्त आहे,” रोसिताबाई खेदाने म्हणाल्या. “एकाच घरातला पुरावा पुरणार नाही.”

अंबूने वळून बायांकडे पाहिले. ती कोणालाही काही म्हणाली नाही. मग लुराहांची बायको उठली. तिचा स्वतःचा मुलगा गिरणीत नोकरीस होता. ती नवऱ्याकडे न पाहता घराकडे चालू लागली. तिच्यामागे दुसरी गेली, तिसरी गेली. दुपारच्या नमाजापर्यंत टेबलावर चौसष्ट फडकी जमली होती. खालच्या पाटाची पंचावन्न, आणि गिरणीच्या वरच्या अंगाची नऊ. वरच्या नऊ घरांवर कसलीही वेळ आलेली नव्हती, तरी त्या बायाही आल्या.

“ही वरची कशाला आणलीत?” हेंद्रातोंनी चिडून विचारले.

“तीच सर्वांत महत्त्वाची आहेत,” सुहांदा म्हणाला. “बियाणं एक, ऊन एक, कापणारा हात एक. फरक आहे तो फक्त पाण्याचा. खालच्या पेंढ्या विषारी आणि वरच्या स्वच्छ निघाल्या, तर एका म्हातारीला शिकवून पढवून आणलंय, असं तुम्हाला म्हणता येणार नाही.”

रोसिताबाईंनी प्रत्येक फडके स्वहस्ते उघडून, लोंबी न लोंबी पाहून सील केले. परवान्याचा निर्णय निकालापर्यंत स्थगित झाला. सुहांदाने शनिवारी पाटाचे दार उघडले नाही. त्याला ‘उघड’ असे कोणी म्हटलेही नाही.

अकराव्या दिवशी निकाल आला. वरच्या नऊ पेंढ्या स्वच्छ. खालच्या पंचावन्नपैकी एकावन्नांत तोच जड धातू, मर्यादेच्या कितीतरी वर. गिरणीची मोरी बंद करण्याचा हुकूम त्याच कागदाला जोडलेला होता. परंतु त्याखाली आणखी एक ओळ होती. तीही सुहांदाने मंडपात मोठ्याने वाचली, कारण आता न पाहता, न वाचता काही पुढे ढकलायचे नाही, असा त्याचा निश्चय होता. ‘माती शुद्ध होईपर्यंत सदर खाचरांत खाण्याचे कोणतेही पीक घेऊ नये.’

कोणीही जल्लोष केला नाही. हाजी जुनैदी हळूच उठले आणि म्हणाले, “वरची दोन खाचरं आहेत माझी. बियाणं जगवायला घ्या. मोजून देणार नाही, लागेल तेवढं न्या.”

अंबू इचिहने सुहांदाला खुणेने जवळ बोलावले.

“किती वर्षं लागतील माती बरी व्हायला?”

“कुणालाच नक्की सांगता येत नाही, अंबू. दरवर्षी तपासावी लागेल.”

“बरं,” ती उठत म्हणाली. “मग पहिला नमुना उद्या घेऊ. आणि या वेळी पिशवी उघडून बघ. मी समोर असले तरी बघ.”

येथे हे कथानक समाप्त होते. माझ्या अल्प शिक्षणामुळे शब्दयोजनेत काही न्यून राहिले असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा करावी. ज्यांनी आपला बहुमोल वेळ देऊन ही हकिगत शेवटपर्यंत वाचली, त्या सर्वांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
पुंडलिक रावजी हुंबरे